सही शेवटी

वत्सलाकाकूंबरोबर बसने कुठे जायचं म्हणजे खिडकीची जागा त्यांना द्यावी लागे, आणि मग सारा रस्ता आपल्या कानांवर येत राही. "सायकल मरम्मत... यहाँ हवा भरी जाती है... शुद्ध शाकाहारी भोजनालय..." दुकानांच्या पाट्या, भिंतींवरच्या खतांच्या जाहिराती, पुढच्या ट्रकच्या पाठीवरचा शेर, सगळं त्या मोठ्यानं वाचत. एकदा कुम्हारीला जाताना मागच्या सीटवरच्या एका गृहस्थांनी हसून विचारलं, "बहनजी, परीक्षा है क्या?" काकू तितक्याच हसून म्हणाल्या, "हाँ भैया, रोज रहती है." बाजारातून भजी बांधून आणली, तर भजी ताटलीत पडायची आणि काकू आधी तो तेलकट कागद उजेडाकडे धरायच्या. कागद वाचून होईपर्यंत भजी गार झालेली असायची.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी लग्न होऊन वर्ध्याहून भिलाईला आले. सेक्टर सहामध्ये कंपनीचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. वर आम्ही, खाली काकू आणि त्यांचे यजमान नामदेवराव. नामदेवराव प्लांटच्या टाइम ऑफिसात कारकून होते, मूळचे भंडाऱ्याकडचे. फार कमी बोलणारे. सायकलला टेकून उभे राहायचे आणि काकूंचं बोलणं संपायची वाट पाहायचे.

मला येऊन थोडेच दिवस झाले होते. एका दुपारी दार वाजलं. काकू हातात वर्तमानपत्राचा तुकडा घेऊन उभ्या. नागपूरचं मराठी वर्तमानपत्र आमच्याकडे शिळं होऊन पोचायचं, आणि त्यातही त्यांच्या हाती पडला होता तो किराण्याच्या पुडीचा कागद.

"तू मराठीत बी.ए. आहेस म्हणे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग हे सांग." त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं. शब्द होता 'डोळा'. "हा डो समजला. पण हे मंगचं अक्षर कोण आहे? हिंदीच्या पुस्तकात तं दिसलं नाही मले."

"तो ळ आहे काकू. डोळा."

"म्हणजे डोया?"

"हो, तोच."

"मंग य कावून नाही लिहिला?"

मला हसू आलं. आमच्याकडे बोलण्यात ळचा य होतो, शाळेला शाया म्हणतात, वेळेला वेय. पण काकू गंभीर होत्या. त्यांनी तीन-चारदा हळूच म्हणून पाहिलं, "डोळा... डोळा..." आणि मग काहीशा काळजीनं विचारलं, "म्हणजे आपण इतके दिवस चुकून राहिलो का?"

"चूक कसली? ती आपली बोलायची तऱ्हा."

"असं होय. मंग बोलताना डोया, वाचताना डोळा. दोन्ही आपलेच." त्या जिना उतरून गेल्या. त्या संध्याकाळी खालून मला ऐकू येत राहिलं, "काळ... बाळ... माळ..." अंगणात नवीन झाड लावल्यावर माणूस दर थोड्या वेळानं जाऊन पाहतो, तसा तो आवाज होता.

तेव्हा मला समजलं की या बाई उशिरा वाचायला शिकल्या आहेत, तेही हिंदीतून. का आणि कसं, हे त्यांनीच पुढे एकदा सांगितलं. आम्ही दोघी गच्चीवर सांडगे घालत होतो. त्या म्हणाल्या, "तुले माहीत आहे का, मी एकदा दवाखान्यात माझा नवरा हरवला होता."

झालं होतं असं. मी भिलाईत यायच्या बऱ्याच आधीची गोष्ट. नामदेवराव सायकलवरून ड्यूटीला जात असताना ट्रकचा धक्का लागला आणि पाय मोडला. प्लांटमधला एक ओळखीचा माणूस घरी धावत आला. काकूंना त्यानं सायकलवर बसवून दवाखान्याच्या दारापर्यंत सोडलं आणि म्हणाला, "आत जा वहिनी, सगळीकडे बोर्ड लिहिलेले आहेत." त्याला ड्यूटीवर परत जायचं होतं. काकू आत गेल्या. बोर्ड होतेच. लांब पडवीत एकामागून एक दारं, आणि प्रत्येक दारावर अक्षरं.

"मी एका बाकड्यावर जाऊन बसली," काकू सांगत होत्या. "म्हटलं, याच दारातून कधीतरी हाक येईन. लोकं जाऊन राहिले, येऊन राहिले. सगळ्यांच्या डोयावर पट्ट्या. तरी मले समजलं नाही का हा डोयाचा वॉर्ड आहे."

"कुणाला विचारलं नाही?"

"कोणाले विचारू? चांगलं लुगडं नेसलेली, बाबूची बायको. विचारलं असतं तं म्हणाले असते, बाई, समोर लिहिलं आहे ना. मंग काय सांगू? मले येत नाही म्हणून? त्यापरीस बसणं बरं वाटलं."

दिवेलागणीपर्यंत त्या तिथेच बसून होत्या. शेवटी पडवी झाडणाऱ्या बाईनं जवळ येऊन विचारलं, कुणाकडे आलात, आणि हात धरून त्यांना नेऊन सोडलं. तिकडे नामदेवराव दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सला विचारत होते, माझी घरवाली आली का. त्यांना वाटलं, घरी काही झालं. ते मोडलेल्या पायानं उठायला निघाले म्हणून नर्स त्यांच्यावर रागावलीही होती.

"त्यांना माहीत नव्हतं, तुम्हाला वाचता येत नाही ते?"

"माहीत होतं. ध्यानात नव्हतं." काकूंनी सांडग्याचं पीठ चिमटीत घेतलं. "त्यानं मले काही म्हटलं नाही व. फक्त म्हणे, तू इतक्या जवळ होती? तेवढंच. मले रात्रभर तेवढंच ऐकू आलं."

नामदेवराव घरी आले आणि काकूंनी मुलीचं, शोभाचं, पहिलीचं हिंदी पुस्तक मागून घेतलं. शोभा शिकवी आणि चुकलं की आईच्या हातावर फूटपट्टी मारी. "माझ्यापरीस तिलेच मजा," काकू म्हणायच्या.

ती पडवी झाडणारी बाई कॅम्प-एक या मजुरांच्या वस्तीत राहत होती. काकूंना वाचता येऊ लागल्यावर त्या तिचं घर शोधत गेल्या. तिलाही अक्षर येत नव्हतं. काकू तिला शिकवू लागल्या, मग तिच्या शेजारणी येऊन बसू लागल्या, आणि जागा पुरेना तेव्हा जवळच्या आटाचक्कीच्या मालकानं आपली पडवी दिली. दुपारी चक्की बंद असे. ती पुन्हा सुरू होईपर्यंत वर्ग चाले, आणि पट्टा फिरू लागला की पिठाच्या धुरळ्यात बायका हसत उठत. मी भिलाईत आल्यावर काकूंनी मलाही ओढलं. "तू शिकलेली आहेस. घरात बसून ते नासून राहिलं," असं त्यांचं म्हणणं.

त्यांची शिकवायची रीत मला आधी अजबच वाटली. अ-आ-इ-ई नव्हतं. प्रत्येकीनं घरातून काहीतरी छापलेलं आणायचं, काडेपेटी, साबणाचं वेष्टन, कॅलेंडरचं पान, विड्यांच्या बंडलावरचा कागद. जे घरात रोज दिसतं ते काय म्हणतं, तिथून सुरुवात. छत्तीसगढी, ओडिया, तेलुगू, आपल्या विदर्भातल्या, सगळ्या बायका असत. शिकणं हिंदीतून, भांडणं ज्याच्या-त्याच्या भाषेत.

आणि एका बाबतीत काकू हट्टी होत्या. सही करायला त्या शिकवत नसत. नवीन आलेली प्रत्येक बाई पहिल्या दिवशी तेच मागायची. काकू म्हणायच्या, "सही शेवटी."

मी एकदा त्यावरून वाद घातला. म्हटलं, चार दिवसांत सही येते, बाईला हुरूप येतो, त्यात वाईट काय?

"ऐक," त्या म्हणाल्या. "अंगठा देताना माणूस भिते. भिते म्हणून चार जणांले विचारते, बाबा, काय लिहिलं आहे याच्यात. सही आली का त्याची भीती जाते अन् विचारणंही जाते. सही करणाऱ्याले लोकं समजून घेतात का याले सगळं वाचता येते. अन् तोही तसंच समजून घेते. आधी वाच, मंग विचार, मंग सही."

मला ते पटलं, पण पूर्ण नाही. माझ्या न पटण्याला पुढे बिसाहिननं शब्द दिले.

बिसाहिन ठेकेदाराकडे माल भरायच्या कामावर जाई. चाळिशीची, उंच, कमी हसणारी छत्तीसगढी बाई. कामावरून थेट येई, केसांत लाल धूळ तशीच. वाचायला तिला जड जाई, पण पडवीतून सगळ्यांत शेवटी उठे. एक दिवस ती काकूंना म्हणाली, "काकू, मोला मोर नाव लिखे बर सिखा दे." मला माझं नाव लिहायला शिकव.

"सही शेवटी," काकूंनी ठरलेलं उत्तर दिलं.

"दस्खत नइ माँगत हँव," बिसाहिन म्हणाली. सही मागतच नाही मी. "मोर नाव कइसे दिखथे, मोला देखना हे." माझं नाव दिसतं कसं, ते मला बघायचंय.

बिसाहिन सांगत राहिली. माहेरी तिला मधली म्हणत, सासरी अमक्या गावाची म्हणत, मुलं झाल्यावर अमक्याची दाई, म्हणजे आई, आणि कामावर नुसतं 'ए रेजा', ए मजूरणी. आपल्या नावानं आपल्याला हाक मारलेली तिला आठवत नव्हती. बोलली तेही तक्रारीच्या सुरात नाही, हवापाण्याचं बोलावं तसं.

काकूंनी खडू घेतला आणि चक्कीच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, बिसाहिन. ती दारासमोर जाऊन उभी राहिली. बराच वेळ पाहून म्हणाली, "अतेक बड़े हे?" एवढं मोठं आहे?

घरी परतताना काकू बसमध्ये एकही पाटी वाचत नव्हत्या. सेक्टरच्या स्टॉपवर उतरल्यावर म्हणाल्या, "मी आपल्या जागी बरोबर होती अन् ते तिच्या जागी बरोबर होती. आता काय करावं सांग?" दुसऱ्या दिवसापासून वर्गात प्रत्येकीचं नाव दारावर लिहिलं जाऊ लागलं. पण कागदावर नाही. कागदाखाली नाव लिहायचं ते कागद वाचल्यावरच, एवढं काकूंनी राखलं.

पुढे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरतेची मोठी मोहीम आली. भिंतींवर घोषणा रंगल्या, गाण्यांच्या टोळ्या फिरू लागल्या. मोहिमेतल्या लोकांनी आमच्या पडवीलाही पाट्या, पुस्तकं दिली. काकूंना फार आनंद झाला. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की हे काम आपण एकट्याच करतो आहोत. आता रस्तोरस्ती तेच चाललेलं पाहून त्या म्हणायच्या, "पाह्य, सरकारलेही दवाखान्यात कोणीतरी हरवलेलं दिसते."

मग कॅम्पात सभा ठरली. वस्तीतल्या नवसाक्षर बायकांनी मंचावर येऊन सगळ्यांदेखत एका प्रतिज्ञापत्रावर सही करायची, टाळ्या होणार, प्रत्येकीला प्रमाणपत्र मिळणार. आमच्या वर्गातल्या बायकांनी ठेवणीतल्या साड्या नेसल्या. दुसऱ्या वर्गांतल्या बायका भराभर वर जात होत्या, टेबलावर वाकून सही करत होत्या, लाजत खाली येत होत्या. फोटो निघत होते. पाहताना माझेही डोळे भरून आले, हे खोटं नाही.

आमच्या वर्गातून पहिलं नाव बिसाहिनचं पुकारलं गेलं. ती वर गेली. कागद तिच्यापुढे ठेवला गेला, पेन दिलं. तिनं पेन टेबलावर ठेवलं, कागद दोन्ही हातांनी उचलला आणि वाचू लागली.

मंडपात आधी हशा पिकला. टेबलामागचे साहेब हसून म्हणाले, "बहन, बस यहाँ नाम लिख दो."

"रुकव साहेब, पढ़त हँव," ती म्हणाली. माइक जवळच होता. तिचं वाचन सगळ्या मंडपाला ऐकू येऊ लागलं. "मैं... अब... हर... पत्र... और... समा... चार..." एकेक अक्षर जणू डोक्यावरची पाटी उतरवावी तसं. लोक चुळबुळू लागले. मागून कुणी शिट्टी मारली. माझ्या शेजारी काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

एका शब्दाशी बिसाहिन अडली. शब्द होता 'स्वयं'. तसला जोडाक्षराचा घास तिला अजून जमत नव्हता. तिनं दोनदा प्रयत्न केला. साहेबांनी शब्द सांगायला तोंड उघडलं, तर तिनं हातानं थांबवलं. मग पुढचे दोन शब्द वाचले, कागद खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "एमा लिखे हे के मैं सब पढ़ लेथँव. अभी पूरा नइ पढ़े सकँव. पूरा पढ़ लुहूँ, तब करहूँ." यात लिहिलंय की मी सगळं वाचू शकते. अजून पुरं वाचता येत नाही. येईल तेव्हा करीन.

आणि ती खाली उतरली. टाळ्या झाल्या नाहीत. लोकांना काय झालं तेच नीट समजलं नव्हतं. तिच्यामागे आमच्या वर्गातल्या दोघी-तिघींनी वर जायचं नाकारलं, बाकीच्यांनी जाऊन सह्या केल्या. मोहिमेतला एक कार्यकर्ता नंतर काकूंना म्हणाला, "आपने क्या सिखा दिया इनको? पूरी बस्ती का नाम खराब हो गया." वर्गातल्या काहीजणीही चिडल्या. समारंभावर विरजण पडलं होतं. त्यातल्या दोघी नंतर कधी आल्याच नाहीत, आणि पडवी बरेच दिवस अर्धी रिकामी राहिली.

त्या संध्याकाळी मी काकूंना म्हटलं, "तुमचं शिकवणं तिनं खरं केलं."

"नाही व," काकू म्हणाल्या. "मी मनातल्या मनात म्हणून राहिली होती, कर बाई सही, सुटू आपण. इतके लोकं पाहून मी भेली. मी असती तं केली असती." मग म्हणाल्या, "वाचता येणं म्हणजे काय, ते मले आज समजलं. मी दवाखान्यात दिवसभर बसली, पण मले येत नाही एवढं तोंडातून निघालं नाही. ते तं हजार लोकांत माइकवर बोलली."

दुसऱ्या दुपारी बिसाहिन नेहमीच्या वेळी येऊन बसली आणि पहिलं काम म्हणून 'स्वयं' लिहून मागितला. तो शब्द तिनं घटवला. नंतर एकदा ते प्रतिज्ञापत्रही काकूंनी मागून आणलं, आणि तिनं अख्खं वाचून सही केली. त्या वेळी मंडप नव्हता, आम्ही चौघी होतो आणि चक्कीचा मालक होता. त्यानं मूठभर गूळ वाटला.

नामदेवराव निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर सोडणं आलं. काकू भंडाऱ्याच्या आपल्या घरी गेल्या, वर्ग माझ्याकडे आणि बिसाहिनकडे आला. मी तिकडे भेटायला गेले तेव्हा सगळ्यांत आधी विचारलं, इथे वर्ग काढला का?

"कोणासाठी काढू?" काकू म्हणाल्या. "इथं सगळ्या शिकलेल्या. माझी सून मॅट्रिक, शेजारची सून बारावी. पेपर येते, अन् त्यावर भाजी निवडतात." मग डोळे बारीक करून हसल्या. "म्हणून मी दुसरं काढलं."

दुपारी आळीतल्या सुना त्यांच्या ओसरीवर जमत. एकीनं पेपरातली एक बातमी वाचायची आणि मग बाकीच्या प्रत्येकीनं एक प्रश्न विचारायचा. उत्तर कुणाला यायलाच हवं असं नाही. प्रश्न मात्र हवा. पहिले काही दिवस सगळ्या गप्पच बसत, म्हणे. मी गेले त्या दिवशी मात्र नळाच्या पाण्यावरून असा कल्ला चालला होता की मला चहा कुणी विचारीना. काकू भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्यांना आता दम लागत असे, बोलणं कमी झालं होतं.

त्यानंतर वर्षभरातच त्या गेल्या. हृदयाचा त्रास झाला, फार हाल झाले नाहीत. मी पोचले तेव्हा दहावा होऊन गेला होता. घर पाहुण्यांनी भरलेलं, पण आवाज नव्हता. जेवणं झाली, भांडी झाली, दुपार कलली, आणि एकेक करून आळीतल्या सुना ओसरीवर येऊन बसल्या. कुणी बोलावलं नव्हतं. त्यांच्या येण्याची ती वेळ होती. बसल्या आणि काय करावं ते न कळून जमिनीकडे पाहत राहिल्या.

बऱ्याच वेळानं काकूंच्या सुनेनं कोनाड्यातला पेपर घेतला. हलक्या आवाजात एक बातमी वाचली. कुठल्याशा नदीवरच्या पुलाचं काम थांबलं होतं, एवढीच. वाचून तिनं पेपर मांडीवर ठेवला. मग सगळ्यांत लहान, नुकतीच लग्न होऊन आलेली एक मुलगी दबकत म्हणाली, "पण थांबवलं कावून?"

"पैसे खाल्ले असतीन."

"असतीन म्हणजे? तसं लिहिलं आहे का?"

"मंग लिहिलं कावून नाही?"

बघता बघता आवाज चढला. आतून एक म्हातारे नातेवाईक बाहेर आले. कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "काय चाललं हे? दुखवट्याचं घर आहे, काही लाज?"

एकीनं पेपरची घडी घातली.

नामदेवराव अंगणात खुर्चीवर बसले होते. त्यांनी मान वळवून म्हाताऱ्यांकडे पाहिलं.

"बोलू द्या त्यांले," ते म्हणाले. "घर भरल्यासारखं वाटून राहिलं."